पित्याचं घर: स्वर्गाच्या ख्रिस्ती आशेबद्दल नीट बोलूया

वेशीपल्याड

नमस्कार मंडळी. आमच्या नगरकडे कुणी प्रभूमध्ये निजलं की घरच्या प्रार्थनेला दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, "देवाला त्याच्या बागेत फूल हवं होतं, म्हणून त्यानं खुडून नेलं." दुसरं, "सुटले बिचारे, आता वर आरामात." बोलणाऱ्याला धीरच द्यायचा असतो. पण जिचं लेकरू गेलंय त्या आईला पहिलं वाक्य ऐकून देवाची भीती वाटते, आणि दुसऱ्या वाक्यात तर देव कुठेच नाही. पवित्र शास्त्रात यातलं एकही नाही. तिथे जे आहे ते फार मोठं आहे आणि आपण ते फार कमी बोलतो, म्हणून हा धागा.

योहानाच्या शुभवर्तमानाचा चौदावा अध्याय बहुतेक दफनविधींत वाचतात. तो कोणत्या रात्रीचा आहे हे मात्र कुणी सांगत नाही. शेवटचं भोजन चालू आहे. यहूदा उठून अंधारात गेलाय. "कोंबडा आरवण्यापूर्वी तू मला तीनदा नाकारशील" हे पेत्राने नुकतंच ऐकलंय. सगळे हादरलेले आहेत. अशा माणसांना प्रभू सांगतो की घाबरू नका, माझ्या पित्याच्या घरात राहायच्या जागा पुष्कळ आहेत, मी तुमच्यासाठी जागा तयार करायला चाललोय आणि परत येऊन तुम्हाला माझ्याजवळ घेईन, म्हणजे मी असेन तिथे तुम्हीही असाल. थोमा लगेच अडवतो: तू कुठे जातोस तेच ठाऊक नाही, मग वाट कशी ठाऊक असणार? त्यावर त्याला ठिकाणाचं वर्णन मिळत नाही. "मार्ग, सत्य व जीवन मीच आहे" एवढंच उत्तर मिळतं. मला वाटतं, आपल्या स्वर्गाचा गाभा इथेच आहे. मोत्यांच्या वेशी आणि सोन्याचा रस्ता नंतर. ज्याच्याजवळ राहायचं, तो आधी.

दुसरी गोष्ट दिशेची. माणसं वर जातात, आणि तिथेच सगळं संपतं, असं आपण धरून चालतो. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणाच्या एकविसाव्या अध्यायात, मात्र नगरी खाली येते. योहान पात्म बेटावर, हद्दपारीत आहे. आशिया प्रांतातल्या सात मंडळ्यांना तो लिहितोय, आणि त्यांतल्या काहींवर छळ आलेला आहे. त्याला नवं आकाश आणि नवी पृथ्वी दिसते, देवापासून उतरणारं नवं यरुशलेम दिसतं, आणि वाणी ऐकू येते की देवाची वस्ती आता माणसांबरोबर आहे. तोच त्यांच्या डोळ्यांचे अश्रू पुसणार. पुढे मरण नाही, शोक नाही, रडणं नाही, कष्ट नाहीत. देवानं निर्माण केलेली माती, पाणी, झाडं टाकून देऊन आपण कुठेतरी निघून जायचं, असं चित्र तिथे नाहीच. बाविसाव्या अध्यायात नदी आहे, आणि जीवनाचं झाड आहे. त्याची पानं राष्ट्रांना बरं करण्यासाठी आहेत.

मग आज जे गेले ते कुठे आहेत? शेजारच्या वधस्तंभावर खिळलेल्या चोराला प्रभूनं "आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील" असं सांगितलं. पौल म्हणतो, इथून सुटून ख्रिस्ताबरोबर असणं हे फारच चांगलं. म्हणजे ते प्रभूजवळ आहेत. पण गोष्ट अजून पुरी झालेली नाही, त्यांच्यासाठीही नाही. शरीराचं पुनरुत्थान बाकी आहे. दर रविवारी आपण विश्वासाच्या अंगीकारात ते मोठ्यानं म्हणतो आणि कबरीपाशी उभं राहिलो की नेमकं तेच विसरतो.

आता आमच्या लोकांबद्दल. अमेरिकन मराठी मिशनचं काम नगरला १८३१ साली सुरू झालं. नगर, जालना, औरंगाबाद या पट्ट्यातल्या बहुसंख्य ख्रिस्ती कुटुंबांची मुळं महारवाड्यात आणि मांगवाड्यात आहेत. गावाला वेस होती आणि आमचे वाडवडील वेशीबाहेर राहत. गावाची राखण करायची, मेलेलं ढोर ओढायचं, सांगावा घेऊन पळायचं, आणि देवळाच्या पायरीला शिवायचं नाही. अशा माणसाला कुणीतरी पहिल्यांदा वाचून दाखवलं असेल की त्या नगरीला बारा वेशी आहेत, चारही दिशांना तीन-तीन, आणि त्या कधीच बंद होत नाहीत, कारण तिथे रात्रच नाही. आणि त्या नगरीत मंदिर नाही, कारण देव स्वतःच मंदिर आहे. म्हणजे "इथवरच ये" असं सांगणारी पायरीच नाही! यशयाच्या पासष्टाव्या अध्यायात तर आणखी थेट आहे: ते घरं बांधून त्यांत राहतील, मळे लावून त्यांचं फळ खातील, एकानं बांधायचं आणि दुसऱ्यानं राहायचं असं होणार नाही. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याचे वाडे बांधलेल्या माणसांनी हे कसं ऐकलं असेल, याचा विचार करून बघा.

आपल्या पाळकांनी स्वर्गावर बोलताना इथून सुरुवात करावी असं मला मनापासून वाटतं. तुमचं काय म्हणणं?

वसईचा वारा

सुंदर लिहिलंय. मी कॅथलिक, म्हणून आमच्या बाजूचं थोडं. २ नोव्हेंबरला, मृत भाविकांच्या दिवशी, वसईतल्या कुठल्याही चर्चच्या आवारात या. आठवडाभर आधीपासून कबरी धुणं, रंगवणं, गवत काढणं चालू असतं. त्या दिवशी झेंडूची फुलं, मेणबत्त्या, मिस्सा, आणि मग फादर कबरींवर पवित्र पाणी शिंपडत फिरतात. शहरात गेलेली मुलंही त्या संध्याकाळी गावात येतात.

आम्ही मृतांसाठी प्रार्थना करतो, तुम्ही करत नाही, हा फरक खरा आहे. प्रभूच्या कृपेत मरण पावलेल्या माणसालाही देवासमोर पूर्ण शुद्ध होऊन उभं राहायचं असतं, आणि त्या वाटेवर आपली प्रार्थना त्याला सोबत करते, अशी आमची श्रद्धा. शुद्ध होण्याची ही अवस्था, म्हणजे परगेटरी, हा छोटा नरक अशी बऱ्याच जणांची समजूत असते, ती चुकीची आहे. तिथला प्रत्येक जण तारलेलाच आहे. घरी पोचणार हे ठरलेलं आहे.

माझ्यासाठी यातली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे संतांची सहभागिता. मरणानं मंडळीचे दोन तुकडे होत नाहीत. मिस्सामध्ये मी आजीचं नाव घेतो तेव्हा मी एका हयात माणसाबद्दल बोलत असतो.

माळकरी मन

मी वारकरी घरातला. प्रश्न जिज्ञासेनं विचारतोय. आमच्याकडे स्वर्ग ही काही शेवटची गोष्ट नाही. गीतेच्या नवव्या अध्यायात स्पष्ट आहे, "क्षीणे पुण्ये मर्त्यलोकं विशन्ति". पुण्य सरलं की परत मृत्युलोकात. म्हणून शहाणा माणूस स्वर्ग मागत नाही. तुम्ही ज्याला सार्वकालिक म्हणता तो स्वर्ग संपत का नाही? आणि तिथे "मी" उरतो की देवात विरून जातो?

वेशीपल्याड

@माळकरी मन, अगदी मुळावरचा प्रश्न. तुमच्या श्लोकातच उत्तराची सुरुवात आहे. पुण्यावर मिळवलेला स्वर्ग पुण्य सरलं की संपणारच, हे मलाही पटतं. ख्रिस्ती विश्वासात त्या घराची किंमत माणसाच्या पुण्यातून भरलेली नाही, म्हणून ते सरत नाही. त्या चोराकडे बघा. त्याच्या गाठीला काय होतं? हातपाय खिळलेले, दान-धर्म करायला वेळ नाही, झालेल्याची भरपाई करायला वाव नाही. "माझी आठवण ठेव" एवढंच तो म्हणाला. प्रवेश ख्रिस्ताच्या मरणावर आणि पुनरुत्थानावर अवलंबून आहे, आणि ख्रिस्त पुन्हा मरत नाही. म्हणून सार्वकालिक.

दुसरं, "मी" उरतो. पूर्ण उरतो. या बाबतीत मला तुकोबा आमच्या फार जवळचे वाटतात. त्यांनीही मुक्ती, धनसंपदा नको म्हटलं आणि संतसंग मागितला, त्यासाठी गर्भवास पत्करायची तयारी दाखवली. ज्याच्यावर प्रेम करायचं तो आणि प्रेम करणारा दोन्ही उरले पाहिजेत, ही भक्ताची ओढ आम्हाला चांगली कळते. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक सांगत की ते तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आले. फरक असा की आम्हाला गर्भवासात परतावं लागत नाही. हेच शरीर बदलून, अविनाशी होऊन उठणार. करिंथकरांस पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय सवडीनं वाचा.

माळकरी मन

चोराचा मुद्दा मनात राहील. पंधरावा अध्याय वाचून पुन्हा येतो.

निळी पहाट

वेशींबद्दलचा भाग वाचून अंगावर काटा आला, पण म्हणूनच बोलतो. माझे आजोबा ख्रिस्ती होते, वडिलांनी बुद्ध धम्म घेतला. बाबासाहेबांनी धर्मांतरित ख्रिस्ती समाजावर लिहिलंय, ते तुम्ही वाचलं असेलच. त्यांचा आक्षेप नेमका होता: अस्पृश्याला शिकवलं जातं की तुझी अवस्था तुझ्या पापामुळे आहे, समाजव्यवस्थेमुळे नाही, आणि मग ती व्यवस्था बदलायची धग त्याच्यात उरत नाही. वर घर मिळणारच आहे म्हटल्यावर खालची वेस कोण तोडणार? शिवाय चर्चमध्येही जात गेली नाहीच. लग्नं बघा.

वेशीपल्याड

@निळी पहाट, वाचलंय, आणि आपल्या प्रत्येक धर्मशिक्षणाच्या वर्गात ते शिकवलं पाहिजे असं माझं मत आहे. चर्चमधल्या जातीबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे. लग्न जुळवताना "तुम्ही मूळचे कोण" हा प्रश्न आजही येतो, आणि तो विचारणारा माणूस त्याच रविवारी नव्या यरुशलेमचं गीत गातो. हे पाप आहे. याला मी दुसरा शब्द वापरणार नाही.

पण आशा माणसाला निजवतेच, हे मला मान्य नाही. दोन उदाहरणं आपल्याच मातीतली देतो.

पंडिता रमाबाई. आई, वडील, बहीण दुष्काळाच्या वर्षांत गेली. भाऊ १८८० मध्ये गेला, नवरा १८८२ मध्ये. इतकी माणसं पोचवलेल्या बाईनं स्वर्गाकडे डोळे लावून बसणं कुणालाही समजलं असतं. तिने काय केलं? १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली आणि बाया आणल्या. केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं. तिथे शाळा, छापखाना, शेती, विणकाम सगळं होतं. शेवटी बायबलचं मराठी भाषांतर हाती घेतलं, मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली, एकुलती एक लेक, सगळं काम जिच्या हाती सोपवायचं ती. रमाबाई भाषांतराचं काम करतच राहिल्या, ते पुरं केलं, आणि ५ एप्रिल १९२२ ला प्रभूकडे गेल्या. पुनरुत्थानावर त्यांचा विश्वास नसता तर त्या नऊ महिन्यांत त्या टेबलाशी बसू शकल्या असत्या असं मला वाटत नाही.

दुसरं, आमच्या जिल्ह्यातलं जामखेड. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती जोडपं १९७० मध्ये तिथे गेलं. दुष्काळी तालुका. त्यांनी गावातल्याच बायांना, त्यांत निरक्षर आणि दलित बायाही आल्या, आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. जिच्या हातचं पाणी चालत नव्हतं तिच्या हातून बाळंतपणं होऊ लागली. १९७९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. हे काम वेस तोडण्याचंच आहे.

माझं म्हणणं असं की देवाची नगरी कशी असणार हे ज्याला कळलं, त्याला आजची बंद वेस सहन होता कामा नये. ज्याला सहन होते, त्यानं प्रकटीकरणाचे ते शेवटचे दोन अध्याय नीट वाचलेले नाहीत.

निळी पहाट

रमाबाईंबद्दल वाद नाही. मनोरमाबाई आधी गेल्या हे माहीत नव्हतं. पण रमाबाई आणि आरोळे अपवाद आहेत, आणि लग्नाचा प्रश्न समाजाचा आहे. तो तुमच्या मंडळीत कुणी उचलला तर इथे जरूर लिहा. तोवर माझा आक्षेप कायम.

वेशीपल्याड

कायम असू द्या. आम्हाला तो ऐकावा लागेल असाच आहे.

रात्रपाळी

मी मिरजेच्या बाजूची, नर्सिंग केलं, आता कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटांबरोबर काम करते. तुमची चर्चा मोठी आहे. मला जे प्रश्न विचारतात ते साधे असतात. "ताई, तिथे दुखणार नाही ना?" "माझा मुलगा मला ओळखेल का, तो गेला तेव्हा चार वर्षांचा होता." एका आजीबाईंनी विचारलं होतं, पुनरुत्थानात लग्न करत नाहीत असं प्रभू म्हणाला, मग आमचे हे माझे कुणीच नसणार का? त्यांना काय सांगावं? मी फक्त हात धरून बसले.

वसईचा वारा

ताई, हात धरून बसलात तेच बरोबर. मित्र लाजराच्या कबरीकडे जाताना प्रभू रडला होता, आणि तेही आपण त्याला उठवणार हे माहीत असताना.

वेशीपल्याड

@रात्रपाळी, दुखण्याबद्दल निःशंकपणे "नाही" म्हणा. कष्ट नाहीत, क्लेश नाहीत, हे शब्दशः लिहिलेलं आहे.

ओळखीबद्दल मी पुनरुत्थानाच्या सकाळकडे बघतो. मग्दालेची मरिया येशूला माळी समजली. मग त्यानं तिला नावानं हाक मारली आणि तिनं ओळखलं. थोमाला त्यानं खिळ्यांचे व्रण दाखवले. भाजलेला मासा खाल्ला. म्हणजे उठलेलं शरीर नवं असलं तरी माणूस तोच होता. हाक मारायची पद्धत तीच, आयुष्यात सोसलेल्याच्या खुणाही त्याच, फक्त त्या आता दुखत नव्हत्या. आपणही त्याच्यासारखे होणार असं वचन आहे. मग चार वर्षांच्या लेकराची आई त्याला आणि ते तिला ओळखणारच. तो किती वयाचा दिसेल हे शास्त्र सांगत नाही, म्हणून मीही सांगणार नाही.

आजीबाईंचा प्रश्न जास्त अवघड आहे. ते वाक्य प्रभूनं सदूकी लोकांना उत्तर देताना म्हटलंय. त्यांचा पुनरुत्थानावर विश्वासच नव्हता. सात भावांनी पाठोपाठ एकाच बाईशी लग्न केलं अशी गोष्ट रचून ते अडवायला आले होते, आणि त्यांच्या गोष्टीत ती बाई म्हणजे वंश चालवायचं साधन होती. जिथे मरण नाही तिथे वंश चालवायची गरज नाही, असं लूकच्या विसाव्या अध्यायात प्रभू सांगतो. नवरा-बायकोमधलं प्रेम पुसलं जाईल असं तो कुठेही म्हणत नाही. इथे पिकलेलं काही तिथे वाया जात नाही, एवढं त्यांना धीरानं सांगा. मी तर म्हणेन, त्या दोघांचं प्रेम तिथे आजच्यापेक्षा कमी असणं शक्यच नाही, कारण तिथे दोघंही जास्त प्रेम करू शकणारे झालेले असतील.

रात्रपाळी

हे उद्याच वापरेन. व्रणांचं विशेषतः. ऑपरेशनच्या खुणांची लाज वाटणाऱ्या बाया असतात आमच्याकडे.

दूरदेशी

मी आखातात, मूळ श्रीरामपूरचा. गावी घराचं काम चालू आहे आणि मी खोलीत इतर पाच जणांबरोबर राहतो. इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायातला तंबूत राहणारा अब्राहाम मला इथे येऊन कळला. पाया असलेल्या नगराची वाट बघत आयुष्यभर परदेशी म्हणून राहिला. एक व्यवहारी शंका. इथे काही झालं तर देह गावी न्यायचा खर्च घरच्यांवर पडेल. मुंबईत तर कबरीची जागाही मिळत नाही, काही जण दहन करतात. दहन केलं तर पुनरुत्थानाला बाधा येते का? घरी मोठे लोक हो म्हणतात.

वसईचा वारा

नाही. कॅथलिक चर्चने १९६३ पासून दहनाला परवानगी दिलेली आहे, मात्र ते पुनरुत्थान नाकारण्यासाठी केलेलं नसावं. २०१६ मध्ये रोमने पुन्हा स्पष्ट केलं की दफनच अधिक पसंत आहे, आणि दहन केलं तर अस्थी पवित्र जागी ठेवाव्या, विखरू नयेत किंवा घरात ठेवू नयेत. जुने हुतात्मे सिंहांनी खाल्ले, जाळले गेले, त्यांचं पुनरुत्थान अडतं असं चर्चनं कधीच मानलं नाही.

आणि देह गावी न्यायच्या काळजीबद्दल संत मोनिका आठवते. ऑगस्टीनची आई. मूळ आफ्रिकेतली, इ.स. ३८७ मध्ये इटलीत ओस्तिया बंदरात आजारी पडली. नवऱ्याशेजारी पुरावं अशी तिची फार वर्षांची इच्छा होती. शेवटी मुलांना म्हणाली, हा देह कुठेही ठेवा, त्याची चिंता नको, फक्त प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण करा. देवापासून काहीच लांब नाही, आणि शेवटच्या दिवशी मला कुठून उठवायचं हे त्याला कळणार नाही अशी भीती नको, असंही तिचं म्हणणं होतं.

दूरदेशी

हे घरी पाठवतो. आमच्या खोलीत दर शुक्रवारी प्रार्थना असते. गेल्या महिन्यात आमच्यातल्या एकाची आई गावी वारली आणि त्याला जाता आलं नाही. त्याच्यासाठी या शुक्रवारी वेगळी प्रार्थना ठेवतोय. पाळक नाहीत, आम्हीच वाचणार. कोणते उतारे घ्यावेत?

वेशीपल्याड

आधी स्तोत्र ९० घ्या, कारण आयुष्य थोडं आहे हे त्यात काहीही न झाकता म्हटलंय, आणि देव पिढ्यान्‌पिढ्या आमचं निवासस्थान आहे या वाक्यानंच ते सुरू होतं. मग योहान ११ मधलं मार्था आणि प्रभूचं संभाषण, "प्रभू रडला" इथपर्यंत. तिथे थोडं थांबा आणि त्याला आईबद्दल बोलू द्या. कितीही वेळ लागो, मध्ये कुणी उपदेश करू नये. त्यानंतर थेस्सलनीका पहिलं पत्र ४, वचन १३ ते १८. पौल शोक करू नका असं म्हणत नाही, ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा करू नका म्हणतो, हे वाचणाऱ्यानं सांगावं. प्रकटीकरण २१ ची पहिली सात वचनं शेवटी, आणि ती त्या मुलालाच वाचायला द्या, जमलं तर. नाही जमलं तर सगळ्यांनी मिळून वाचा. गीत त्याच्या आईला आवडणारं निवडा.

शक्य असेल तर त्याच वेळी गावी फोन लावून ठेवा, घरचेही ऐकतील. त्याचं आणि त्याच्या आईचं नाव मला व्यक्तिगत निरोपात कळवा. आमच्या रविवारच्या उपासनेत प्रार्थना करू.